एक पेटी, अनेक श्रोते : चावडीवरच्या रेडिओपासून घरातल्या राउटरपर्यंत

१/ घरात इंटरनेटची जोडणी एक आणि ती वापरणारी माणसे पाच. मग वाय-फाय राउटर विकत घ्यावा का? प्रश्न आजचा भासतो. परंतु ‘एक यंत्र अनेकांत वाटून घेतल्याने नेमके काय साधते?’ याची पद्धतशीर तपासणी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यासह महाराष्ट्रातील खेड्यांत १९५६ सालीच झाली होती.

२/ आरंभ कायद्यापासून करावा लागतो. १९३३ च्या ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट’नुसार परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. घरी रेडिओ ऐकायचा असला तरी टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे.

३/ ऑगस्ट १९४२. काँग्रेस कार्यकारिणीचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. मौलाना आझादांचे बाकीचे सामान त्यांच्यापाशी राहिले, पण जवळचा छोटा रेडिओ काढून घेण्यात आला. सुरुवातीला वृत्तपत्रेही मिळत नव्हती. याच काळात मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवीत होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

४/ स्वातंत्र्यानंतर तीच बिनतारी लहर गावापर्यंत न्यायची होती. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती आणि घरोघरी रेडिओ ही कल्पनाच अशक्य होती. तेव्हा युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली गेली.

५/ रचना साधी होती. गावाला एक संच आणि त्याभोवती सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. विषय शेतीचे व गावच्या जीवनाचे. मंडळाच्या शंका केंद्राकडे जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

६/ मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व त्याची धुरा समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्याकडे होती. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली होती : रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. निष्कर्ष बोलका होता. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे ती फारच थोडी होती. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

७/ आता राउटर. तो नुसता ग्राहक नाही, प्रक्षेपकही आहे. म्हणजे जुन्या कायद्याच्या नजरेत परवान्याचीच वस्तू. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. सामान्य घरातील वाय-फाय या मोकळीकीवर उभे आहे. ज्या प्रक्षेपकापायी १९४२ मध्ये तुरुंगवास घडला, त्याचा धाकटा भाऊ आज फडताळावर निमूट बसलेला असतो.

८/ तो काय करतो? बाहेरून आलेली एकच जोडणी घरातल्या अनेक उपकरणांत वाटतो. वेग मात्र वाढवत नाही. विहिरीला पाणी तेवढेच, पाट अधिक. जाड दगडी भिंतींपलीकडे लहर क्षीण होते, आणि वीज गेली की पेटी मुकी होते.

९/ मग घ्यावा का? एकटाच वापरणारा असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट बहुधा पुरतो. फायबर जोडणीसोबत मिळणाऱ्या पेटीत वाय-फाय अनेकदा आधीच असते, ते आधी पाहावे. मात्र एकाच वेळी मुलीचा ऑनलाइन तास, वडिलांचे बाजारभाव आणि आजीचा व्हिडिओ कॉल चालणार असेल, तर खर्च सार्थ ठरतो.

१०/ १९५६ च्या त्या गावांनी दाखवलेली गोष्ट एवढीच : यंत्राचे मोल त्याच्याभोवती कोण बसते आणि ऐकलेल्याचे पुढे काय करते, यावर ठरते. संच तर मंडळ नसलेल्या गावांतही होताच.