शक्तिवर्धनासाठी घरगुती व्यायामयंत्र: पहिली निवड कशी करावी?

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. शेजारच्या कडोदरा परिसरात कापडरंगाई व छपाईचे कारखाने आहेत. बारडोली-नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ताही या भागातून जातो. खानदेशातून सुरतेच्या औद्योगिक पट्ट्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. दिवसपाळी-रातपाळीचे चक्र सांभाळणाऱ्याला व्यायामशाळेची वेळ जुळतेच असे नाही. मग घरातच एखादे यंत्र घ्यावे, असा विचार पुढे येतो. गोव्यातील सदनिकांतही हाच प्रश्न पडतो आणि दोन्हीकडील दमट हवेमुळे तो आणखी सारखा ठरतो.

यंत्राची गरज काय?

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे बळ हळूहळू घटू लागते. जिने चढणे, ओझे उचलणे, तोल सावरणे ही कामे याच बळावर चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि बळ वाढवणारा व्यायाम ३ किंवा अधिक दिवस करावा. जोर-बैठकांनी यातील बराच भाग साधतो. मात्र ओढण्याची क्रिया, म्हणजे पाठीचा व्यायाम, साधनाविना कठीण जातो. यंत्राचा खरा उपयोग येथे आहे.

प्रमुख प्रकार

पहिला प्रकार वजनपट्ट्यांची चळत असलेल्या मल्टी-जिमचा. पिन बदलली की वजन बदलते, त्यामुळे नवशिक्याला तो सोयीचा. दुसऱ्या प्रकारात सुट्या चकत्या चढवाव्या लागतात. किंमत कमी, पण खटपट अधिक. तिसरा प्रकार ताणपट्ट्यांचा किंवा लवचीक दांड्यांचा. तो हलका व सुटसुटीत असतो. मात्र ताण जसजसा वाढेल तसतसा भार वाढतो आणि पट्ट्या कालांतराने सैल पडतात. एका खोलीत संसार असेल तर समायोज्य डंबेल्सची जोडी आणि भक्कम बाक हाच शहाणपणाचा पर्याय होय.

खरेदीपूर्वीची तपासणी

*वजन आणि कप्पी:* जाहिरातीतील ६० किलो हाताला ६० किलो जाणवतीलच असे नाही. चल कप्पीमुळे २:१ प्रमाण असेल, तर प्रत्यक्षात सुमारे ३० किलोच ओढावे लागतात. म्हणून प्रत्येक व्यायामाचे प्रमाण विक्रेत्याला विचारावे.

*वाढीची पायरी:* पट्ट्या ५-५ किलोंच्या असतील, तर १० वरून १५ किलोंवर जाणे म्हणजे एकदम ५० टक्के वाढ. खांद्यासारख्या सांध्याला ती झेपत नाही. अडीच किलोंची जोडपट्टी मिळते का, हे पाहावे.

*सांगाडा व केबल:* पोलादी नळीची जाडी सुमारे २ मिलिमीटर असावी. केबलवर प्लास्टिकचे आवरण असावे, कप्प्या बेअरिंगवर फिराव्यात. किनारी हवेत पावडर कोटिंग टिकाऊ ठरते. तरीही सरकदांड्या कोरड्या फडक्याने पुसून त्यांना सिलिकॉन वंगण द्यावे.

*मानक:* आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती उपकरणांसाठी 'एच' आणि व्यावसायिक व्यायामशाळांसाठी 'एस' असे वर्ग आहेत. 'एच' वर्गाचे यंत्र घरातील वापरास योग्य. मात्र ते सोसायटीच्या सामायिक खोलीत ठेवू नये.

*जागा व जमीन:* यंत्राची उंची, रुंदी आणि हातापायांची हालचाल धरून मोजमाप घ्यावे. निवासी खोल्यांच्या स्लॅबची रचना सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून होते. यंत्राचे आणि व्यक्तीचे वजन यात सहसा बसते, पण ते चार पायांवर एकवटू नये, म्हणून खाली जाड रबरी गादी पसरावी. जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

*बसवणी व दुरुस्ती:* केबल आणि कप्प्या झिजणारच. त्या स्थानिक बाजारात मिळतात का, बसवणीचा खर्च कोणाचा, हे देयकावर लिहून घ्यावे.

आरंभ आणि सुरक्षितता

छाती ढकलणे, पाठ ओढणे, पायांचा व्यायाम आणि खांदे असे चार प्रकार पुरेसे. ८ ते १२ आवर्तने नीट करता येतील एवढेच वजन निवडावे. शेवटचे आवर्तनही ढब न बिघडता पूर्ण होऊ लागले, की वजन वाढवावे. जोर लावताना श्वास रोखू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा सांध्यांचा त्रास असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. घरात लहान मुले असल्यास पिन काढून ठेवावी. पट्ट्यांच्या फटीत बोटे चिरडण्याचा धोका असतो.

बडोद्यात दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. गुजरातेतील मराठी माणसाची व्यायामपरंपरा अशी जुनी आहे आणि ती यंत्रापेक्षा नित्यनेमावर उभी आहे. म्हणून खरेदीपूर्वी महिनाभर आठवड्यातून दोनदा जोर-बैठका नियमित काढून पाहाव्यात. तो नेम टिकला तरच यंत्रावरील खर्च सार्थकी लागेल. एरवी त्याची कपडे वाळवण्याची दांडी व्हायला वेळ लागत नाही.