व्यसनमुक्ती केंद्रे, महाराष्ट्रातील

मद्य, अफूजन्य पदार्थ, गांजा, झोपेची औषधे इ. मादक द्रव्यांच्या अधीन झालेल्या व्यक्तीस त्या द्रव्यापासून सोडवून पुन्हा कुटुंबात व कामधंद्यात स्थिर करण्यासाठी चालविलेल्या संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रे म्हणतात. या संस्थांचे काम तीन टप्प्यांत चालते. द्रव्य अकस्मात बंद केल्यावर उद्‌भवणाऱ्या शारीरिक त्रासावर वैद्यकीय देखरेखीखाली उपाय करणे, हा पहिला टप्पा होय. दुसऱ्यात समुपदेशन व गटचर्चा यांद्वारे रुग्णास आपल्या आजाराचे स्वरूप उमजावे, असा प्रयत्न असतो. तिसरा टप्पा रुग्ण घरी परतल्यावर सुरू होतो व तो वर्षानुवर्षे चालतो. पहिला टप्पा रुग्णालयांना साधतो आणि दुसरा काही अंशी निवासी केंद्रांना. तिसऱ्या टप्प्याचा भार मात्र बहुधा रुग्णाच्या पत्नीवर किंवा आईवर पडतो.

पूर्वपीठिका : व्यसन हा नैतिक दोष नसून आजार आहे, हा विचार सु. दोन शतकांपूर्वीचा आहे. अमेरिकन वैद्य बेंजामिन रश (१७४५–१८१३) आणि ब्रिटिश नौदलातील वैद्य टॉमस ट्रॉटर (१७६०–१८३२) यांनी तो मांडला. स्वीडिश वैद्य मॅग्नस हुस (१८०७–९०) याने १८४९ साली या विकाराला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिले. न्यूयॉर्क राज्यात बिंगमटन येथे मद्यासक्तांसाठी स्वतंत्र रुग्णालय १८६४ मध्ये उघडण्यात आले. पुढे १९३५ साली ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे दोन मद्यासक्तांनी, एक शेअरबाजारातील व्यावसायिक व एक शल्यचिकित्सक यांनी, ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या स्वमदत गटाचा पाया घातला. वर्गणीची सक्ती नाही, पदाधिकाऱ्यांची उतरंड नाही आणि सभासदाचे नाव बाहेर फोडायचे नाही, असे या गटाचे स्वरूप असल्यामुळे तो कोणत्याही देशात रुजू शकला. मिनेसोटा राज्यात १९४९ नंतर वैद्यकीय उपचार व या गटाची ‘बारा पायऱ्यां’ची शिकवण यांची सांगड घालणारी निवासी केंद्रे निघाली. आज भारतात दिसणाऱ्या बहुतेक निवासी केंद्रांचा आराखडा मुळात तेथून आला आहे. औषधांच्या बाजूने पाहता, १९४८ साली कोपनहेगन येथील संशोधकांनी डायसल्फिरामचा मद्यासक्तीवर केलेला उपयोग महत्त्वाचा ठरला. हे औषध घेतलेल्या व्यक्तीने मद्य प्याल्यास तिला तीव्र अस्वस्थता येते. म्हणूनच रुग्णाला न कळविता ते अन्नातून देणे धोक्याचे आहे. तरीही तसे करणारी कुटुंबे आढळतात.

महाराष्ट्रात १९८० पूर्वी व्यसनाचा प्रश्न मुख्यतः समाजसुधारणेचा व कायद्याचा मानला जाई. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला होता. लोकमान्य टिळकांच्या (१८५६–१९२०) नेतृत्वाखाली १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी अंमलात आणली. तो प्रयोग अल्पजीवी ठरला. तथापि मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी आली. या अधिनियमाने मद्य बाळगणे व पिणे हे गुन्हे ठरविले आणि प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणणाऱ्यास परवान्याची सोय ठेवली. पिणाऱ्यास परवाना वा शिक्षा, एवढेच दोन मार्ग त्यामुळे उरले. उपचार हा तिसरा मार्ग व्यवहारात जवळजवळ नव्हता. अफूच्या बाबतीतही नोंदणीकृत व्यसनी व्यक्तींना ठरावीक प्रमाणात अफू पुरविण्याची पद्धत होती व वैद्यकीय कारणाखेरीज अफूचे सेवन १९५९ नंतर बंद करण्याचे शासनाचे धोरण होते. मद्याच्या अतिसेवनाने भ्रम झालेल्या रुग्णास नातेवाईक मनोरुग्णालयात नेत. भ्रम ओसरला की रुग्ण घरी परते आणि बहुधा पुन्हा पिऊ लागे. मुंबईत १९५७ मध्ये सुरू झालेला अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा गट हा या काळातील एक अपवाद होता. प्रारंभी इंग्रजी जाणणाऱ्या वर्गापुरता असलेला हा गट कालांतराने मराठीतही पसरला.

केंद्रांचा उदय : या परिस्थितीत पालट घडविला तो दारूने नव्हे, तर ‘गर्द’ने. इराण व अफगाणिस्तानातील १९७९ च्या उलथापालथीनंतर त्या टापूतील हेरॉइन भारतमार्गे बाहेर जाऊ लागले व त्याचा अशुद्ध, तपकिरी प्रकार मुंबईत स्वस्तात मिळू लागला. ब्राउन शुगर वा गर्द या नावाने तो ओळखला जाई. चांदीच्या कागदावर ही पूड तापवून तिचा धूर ओढणारी मुले झोपडपट्टीत दिसत, तशीच महाविद्यालयांतही दिसत. मध्यमवर्गीय घरातून भांडी व दागिने नाहीसे होऊ लागले, तेव्हा या प्रश्नाची जाण पसरली. दारूने शेकडो वर्षे कष्टकऱ्यांची घरे मोडली, त्या वेळी जी तातडी वाटली नव्हती ती आता वाटू लागली, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. संसदेने १९८५ साली अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. त्यात कठोर शिक्षांबरोबरच, व्यसनी व्यक्तींची ओळख, उपचार व पुनर्वसन यांसाठी शासनाने केंद्रे स्थापन करावीत, अशी तरतूद (कलम ७१) होती.

मुंबईत वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. परेरा स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेले आणि बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांचे शिष्य असल्याने कृपाच्या उपचारक्रमात बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनांना स्थान मिळाले. वसई, गोवा व देशाच्या इतर भागांत संस्थेची केंद्रे निघाली. याच सुमारास चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी १९८० साली सुरू केलेल्या संस्थेतून समुपदेशकांच्या प्रशिक्षणाची पद्धत आकारास येत होती.

पुण्यातील ‘मुक्तांगण’ हे मराठी समाजात सर्वांत परिचित झालेले केंद्र होय. पत्रकार व लेखक अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांविषयी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) व सुनीता देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले. अनिता अवचट (मृत्यू १९९७) या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्या आवारातच २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू झाले. त्याची उभारणी करताना अनिताबाईंनी रुग्णालयाची शिस्त घेतली, पण त्याचे वातावरण घेतले नाही. केंद्राची साफसफाई व स्वयंपाकातील मदत रुग्णांकडे सोपविण्यात आली. व्यायाम, गाणी, छंद व गटचर्चा यांनी दिवस भरून काढण्यात आला. बरे झालेले रुग्णच पुढे तेथे कार्यकर्ते झाले. द्रव्य तोडल्यावरच्या वेदनांना रुग्णांच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात. ती स्वतः सोसलेला माणूस उशाशी बसला की नव्या रुग्णाला जो विश्वास वाटतो, तो निव्वळ वैद्यकीय पदवीने वाटत नाही, हा अनुभव इतर केंद्रांनाही आला. निवासाचा काळ ३५ दिवसांचा ठरविण्यात आला. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविण्यात आला व गावोगावी पाठपुरावा केंद्रे निघाली. अनिताबाईंनंतर त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्थेची धुरा सांभाळली. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी स्थापन केलेले ‘परिवर्तन’ हेही याच प्रवाहातील केंद्र होय.

निवासी केंद्रापर्यंत जे पोहोचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी निराळा मार्ग गडचिरोली जिल्ह्यात चोखाळण्यात आला. लोकांच्या मागणीवरून १९९३ साली या जिल्ह्यात दारूबंदी झाली. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने व शासनाच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमात तालुक्याच्या ठिकाणी उपचारकेंद्रे व खेड्यांत अल्पमुदतीची शिबिरे घेण्यात आली. ज्याची रोजची मजुरी बुडाली की घरची चूल पेटत नाही, त्याला महिनाभर निवासी उपचार घेणे परवडत नाही, हे वास्तव या पद्धतीमागे होते.

शासनाची योजना व कायदा : केंद्र शासनाच्या कल्याण मंत्रालयाने १९८५–८६ पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्यास आरंभ केला. या अनुदानावर चालणारी केंद्रे आणि आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार विभाग या दोन यंत्रणा समांतर चालत राहिल्या. एकीत समुपदेशक असत, तर दुसरीत डॉक्टर आणि दोहोंची गाठ क्वचितच पडे. मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ (अंमल १९९३) याने व्यसनी व्यक्तींसाठी स्वतंत्र रुग्णालयांची कल्पना मान्य केली होती. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) याने मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती ही मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातली. परिणामी अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेस राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक झाले. विनानोंदणी संस्था चालविल्यास प्रथम ५,००० ते ५०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध आहे. त्याच्या संमतीविना दाखल करावयाचे झाल्यास नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज व दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि ही मुदत प्रथमतः ३० दिवसांपुरतीच असते. ‘सहा महिने आत ठेवा, पैसे देतो’ असा घरच्यांनी केंद्राशी केलेला सौदा या कायद्यात बसत नाही.

केंद्राची निवड : १९९० नंतर खाजगी केंद्रांची संख्या वाढली व कुटुंबांपुढे निवडीचा प्रश्न उभा राहिला. निवड करणारा माणूस सहसा शांत चित्ताने निवडीस बसलेला नसतो. मारझोड, कर्ज वा अपघात झाल्यानंतरच्या धावपळीत तो पहिल्या मिळेल त्या पत्त्यावर जातो. रात्री गाडी पाठवून रुग्णास उचलून नेणारी, मारहाण करणारी व नातेवाइकांना आठवडेन्‌आठवडे भेट नाकारणारी काही केंद्रे या घाईवरच जगली. अशा काही ठिकाणी रुग्ण दगावल्याच्या घटनाही उघडकीस आल्या आहेत.

केंद्रांची तुलना करताना प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे वैद्यकीय सोय होय. गर्द तोडल्यावरचे हाल भयंकर असले, तरी निरोगी प्रौढाच्या जिवावर ते सहसा बेतत नाहीत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य एकाएकी बंद केल्यास मात्र झटके येऊ शकतात व दोन-तीन दिवसांत कंपयुक्त उन्माद होऊन मृत्यूही ओढवू शकतो. यास्तव जेथे डॉक्टर व परिचारिका नाहीत, तेथे दारूच्या रुग्णास ठेवणे हे गर्दच्या रुग्णापेक्षाही अधिक धोक्याचे आहे. लोकसमजूत नेमकी याच्या उलट आहे. दुसरी गोष्ट शासकीय मान्यतेची. १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४ अ नुसार अल्प प्रमाणातील द्रव्याबद्दल आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेईल, तर तिच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण जाऊ शकते. मान्यता नसलेल्या केंद्रात काढलेले महिने या कामी उपयोगी पडत नाहीत.

जाहिरातीत छापलेल्या यशाच्या टक्केवारीस फारसा अर्थ नसतो. मध्येच निघून गेलेले रुग्ण मोजले की वगळले, चौकशी तीन महिन्यांनी केली की तीन वर्षांनी, उत्तर रुग्णाने दिले की त्याच्या पत्नीने, यांवर आकडा कितीही वरखाली होतो. पाठपुराव्याची नोंदवही दाखविणारे केंद्र टक्केवारी सांगणाऱ्या केंद्रापेक्षा अधिक भरवशाचे समजावे. अफूजन्य द्रव्यांच्या बाबतीत पाठपुरावा हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. काही आठवडे द्रव्य न घेतल्याने शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि बाहेर पडलेला रुग्ण पूर्वीच्याच मात्रेकडे वळला, तर ती त्याचा प्राण घेऊ शकते. ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देखरेखीखाली दीर्घकाळ देण्याची पद्धत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) स्वीकारण्यात आली. संपूर्ण वर्ज्यतेचा आग्रह धरणाऱ्या अनेक केंद्रांना ही पद्धत म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन वाटते. वैद्यकीय पुरावा मात्र तिच्या बाजूने आहे.

केंद्र शासनाच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४·६ टक्के, म्हणजे सु. १६ कोटी लोक मद्य घेत होते. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी एकीलाच काही ना काही उपचार मिळाल्याचे तीत आढळले. उपचार न मिळालेल्यांत स्त्रियांची स्थिती अधिक बिकट असते. व्यसनी पुरुषाला पत्नी केंद्रात आणते. व्यसनी स्त्रीला आणणारे कोणी नसते व तिच्या घरी ही गोष्ट शक्य तितके दिवस झाकून ठेवली जाते. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला. तथापि राज्यातील बहुतेक केंद्रांची रचना पुरुष रुग्ण गृहीत धरूनच झालेली आहे आणि लहान मुलासह आईला दाखल करून घेण्याची सोय तर फारच थोड्या ठिकाणी आढळते.