काळ्याशेजारी काळी

खेळांसाठी घरी संगणक जुळवू पाहणारा विद्यार्थी आधी ग्राफिक्स कार्डाची चौकशी करतो. पण कोणता प्रोसेसर, किती मेमरी आणि कोणती कार्डे बसतील, हे ठरते मदरबोर्डवर. मुळात निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतातच कसे?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला. त्याच्या मुख्य बोर्डावर जादा कार्डांसाठी ५ खाचा होत्या. इतरांनी कार्डे बनवावीत म्हणून कंपनीने मंडलाकृतीही छापून विकल्या. इतरांनी कार्डेच काय, अख्खे संगणक बनवले! १९८७ मध्ये आयबीएमने मायक्रो चॅनेल ही परवान्याने बांधलेली नवी खाच आणली, पण तोवर फार उशीर झाला होता.

१९८४ च्या पीसी-एटीचा आराखडा दहाएक वर्षे टिकला, एका दोषासकट. बोर्डाला वीज देणारे दोन जोड शेजारी शेजारी बसत आणि त्यांची अदलाबदल होऊ शके. तसे झाले की बोर्ड जळण्याची भीती. म्हणून जुळवणारे एकमेकांना बजावत, काळ्या तारांशेजारी काळ्याच तारा आल्या पाहिजेत. (घाईत मी एक बोर्ड असाच घालवला आहे.)

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आराखडा मांडला. त्यात वीजजोड एकच, तोही एकाच बाजूने बसणारा. स्क्रूंच्या भोकांच्या जागाही ठरवून दिलेल्या. त्या फारशा बदललेल्या नसल्याने जुन्या एटीएक्स पेटीत नवा बोर्ड सहसा बसतो. वीजजोड मात्र पुढे २० चा २४ पिनांचा झाला. जुना वीजपुरवठा वापरायचा असेल तर तेवढे मोजून घ्यावे.