एक नाव, दोन दप्तरे

पुण्याच्या आसमंतात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द अशी जी जोडनावे आढळतात, त्यांतील शेवटचे शब्द फारसीतून आले असून 'बुजुर्ग' म्हणजे थोर व 'खुर्द' म्हणजे लहान, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ही शेपटे मुळात कोणास हवी होती, असे सहसा कोणी विचारीत नाही. वडगावच्या कुणब्याला त्यांची फारशी गरज नसावी. त्याचे वडगाव ते वडगाव, आणि दुसरे ते 'पलीकडचे'. अडचण होती ती कचेरीतल्या कारकुनाची. दोन्ही गावांच्या जमाबंदीचे कागद त्याला एकाच दप्तरात बांधावयाचे, एका मौज्याचा वसूल दुसऱ्याच्या खाती पडता कामा नये, आणि हुजुरातून आलेला हुकूम कोणत्या पाटलाकडे धाडावयाचा याचा उलगडा केवळ कागदावरील अक्षरांवरून व्हावयाचा. म्हणून 'मौजे अमुक, तर्फ तमुक, प्रांत पुणे' अशी नावामागे नाव लावण्याची वहिवाट पडली.

आजच्या संगणकजाळ्यांच्या वेशीवर जो पहारेकरी बसविलेला असतो आणि ज्याला फायरवॉल म्हणतात, त्याच्या दप्तरातही हीच अडचण नव्याने उभी राहिली आहे. मूळ शब्द इमारतीच्या बांधकामातला. एका खोलीतील आग दुसरीत जाऊ नये म्हणून घातलेली भिंत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस नावाच्या किड्याने, म्हणजे आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, इंटरनेटवरील हजारो यंत्रे जायबंदी केली, तेव्हापासून अशा भिंतीची निकड सर्वांस पटू लागली. आरंभीच्या पहाऱ्यात नुसत्या आकड्यांच्या पत्त्यांच्या याद्या असत. १९९४ च्या सुमारास या यंत्रांचा बाजार तयार झाला, आणि प्रत्येक नियमात आकडे लिहीत बसण्याऐवजी पत्त्यांच्या गटास नाव द्यावे व नियमात ते नाव लिहावे, ही सोय रूढ झाली. अशा नामधारी गटास त्या धंद्यात 'ऑब्जेक्ट' म्हणतात. पुढे यंत्र विकणाऱ्यांनी आपल्याकडून तयार ऑब्जेक्ट भरून देण्यास प्रारंभ केला, आणि त्यांत देशवार पत्त्यांच्या याद्या, म्हणजे 'रीजन', आल्या. जुन्या धाटणीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ आहे. त्यांतील कोणता तुकडा कोणत्या देशात वापरला जातो याची खातेवही पाच प्रादेशिक निबंधक संस्थांच्या नोंदींवरून आणि इतर खाणाखुणांवरून सिद्ध करतात, व ती यंत्राला वेळोवेळी नवी करून पाठवितात. या याद्यांना नावे हवी होती, आणि ती आयती हाताशी होती.

ती नावे १९७४ सालची. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने त्या वर्षी ३१६६ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध करून प्रत्येक देशास रोमन लिपीतील दोन व तीन अक्षरांची संक्षिप्त नावे लावून दिली. दहा-अकरा वर्षांनी इंटरनेटच्या नामावलीस देशवार शाखा फोडावयाच्या ठरल्या, तेव्हा इंटरनेटवरील नावे व क्रमांक वाटण्याचे काम पाहणारे जॉन पोस्टेल यांनी हीच यादी उचलली. कारण कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही या तंट्यात पडण्याची त्यांची इच्छा नव्हती, आणि हा न्यायनिवाडा दुसऱ्या कोणी आधीच केलेला असणे त्यांच्या पथ्यावर पडले. मला यात त्यांचा शहाणपणा दिसतो. भारताची 'आयएन' ही शाखा १९८९ साली उघडली आणि तिची व्यवस्था पुष्कळ वर्षे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. ब्रिटनने मात्र आपला हेका सोडला नाही. मानकात त्याचे नाव 'जीबी', पण १९८५ पासून शाखा 'यूके'चीच.

दोन रोमन अक्षरांच्या जोड्या होऊन होऊन ६७६ होतात, आणि आज त्यांपैकी २४९ देशांस व प्रदेशांस दिलेल्या आहेत. म्हणजे कोणीही सहज सुचेल ती जोडी उचलली तरी ती आधीच कोणाच्या तरी मालकीची असण्याचा संभव थोडाथोडका नाही. आपल्याकडे तर जोड्यांची दुसरी यादी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरून धावत असते. १९८९ पासून मोटारींच्या पाट्यांवर राज्याची दोन अक्षरे आली: महाराष्ट्राची 'एमएच', गोव्याची 'जीए', तामिळनाडूची 'टीएन', मध्यप्रदेशाची 'एमपी'. जगाच्या यादीत हीच अक्षरे अनुक्रमे मार्शल बेटे, गॅबन, ट्युनिशिया आणि उत्तर मारियाना बेटे यांची आहेत.

आता असे समजा, की एखाद्या संस्थेच्या जाळ्याचा व्यवस्थापक राज्यातील शाखांचे सारे पत्ते एका रीजनमध्ये गोळा करतो आणि, मराठी माणसास स्वाभाविक म्हणून, त्यास 'एमएच' असे नाव देतो. पुढे काय घडेल हे यंत्राच्या घडणीवर अवलंबून आहे. एखादे यंत्र नाव आधीच वापरात आहे असे सांगून नोंद नाकारते, आणि हा प्रकार त्यातल्या त्यात सुखाचा. एखादे ती मुकाट्याने स्वीकारते आणि कारखान्याकडून आलेल्या यादीवर ही घरची यादी चढविते. कोणी रीजनचे व पत्त्यांचे ऑब्जेक्ट वेगळ्या वह्यांत ठेवते, आणि नियम वाचताना कोणती वही आधी उघडावयाची याचा आपला एक क्रम पाळते. या शेवटच्या प्रकारात नियम बिनचूक दिसतो, यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, आणि तरीही चिपळूणच्या शाखेची रहदारी अडते किंवा पॅसिफिक महासागरातील प्रवाळद्वीपास खुला प्रवेश मिळतो. 'इंटर्नल' याचा संक्षेप म्हणून 'आयएन' लिहिणाऱ्याची गत याहून बिकट, कारण त्याला घरातली माणसे अभिप्रेत असतात आणि यंत्र साऱ्या भरतखंडास आत घेते.

अशा दोषाचा माग काढणारे जाणते लोक प्रथम नियमाकडे पाहतच नाहीत, कारण नियमात नुसते नाव असते आणि नाव तर दोहोंचे तेच. ते एक ठरावीक पत्ता घेतात, यंत्रास विचारतात की हा तुझ्या लेखी कोणत्या रीजनमध्ये बसतो व कोणता नियम त्याला लागू पडतो, आणि ते उत्तर रहदारीच्या लॉगशी ताडून पाहतात. मग आपल्या हातच्या व्याख्यांची आणि यंत्राबरोबर आलेल्या नावांची यादी शेजारी ठेवून जुळी नावे शोधावयाची. अनेक यंत्रांवर एका केंद्रीय कचेरीतून हुकूम जात असतील, तर केंद्राची वही आणि स्थानिक वही यांतही तीच तपासणी करावी लागते. नाव बदलणे हा उपाय सोपा. पण जुने नाव कोणकोणत्या नियमांत गुंतले आहे ते आधी पाहिले नाही, तर एक गोंधळ मिटवून दुसरा पदरी येतो. नवे नाव लांब आणि दोन अक्षरांच्या यादीत कधीच न बसणारे असावे. बुद्रुक-खुर्दाची युक्ती येथेही चालते; नावामागे संस्थेचे अथवा स्थळाचे शेपूट लावले की झाले.

हा घोळ फायरवॉलहून जुना आहे. ब्रिटिश विद्यापीठांच्या जाळ्यात एके काळी पत्ता उलट क्रमाने, आधी देश आणि शेवटी विभाग, असा लिहीत. त्यामुळे संगणकशास्त्र विभागांचे पत्ते 'सीएस' या अक्षरांनी संपत. १९९० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियास 'सीएस' ही शाखा मिळाली, आणि विलायतेतल्या प्राध्यापकांची पत्रे प्रागच्या दिशेने चालू लागली.

पुढे त्या 'सीएस'चीच अधिक विचित्र कथा झाली. १९९३ च्या आरंभी चेकोस्लोव्हाकिया दुभंगला, अक्षरे मोकळी पडली, आणि २००३ साली सर्बिया व माँटेनेग्रो या जोडराज्यास तीच बहाल करण्यात आली. हा निर्णय मला अविचाराचा वाटतो. जुन्या नोंदींत चेकोस्लोव्हाकियाचे माणूस म्हणून लिहिलेले लोक एका रात्रीत बाल्कनात गेल्यासारखे झाले. तीनच वर्षांत ते राज्यही फुटले. परत घेतलेली अक्षरे दुसऱ्यास देण्यापूर्वी पूर्वी पाच वर्षे थांबत असत. या प्रकरणानंतर ती मुदत पन्नास वर्षांची झाली.

मानक रचणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र दूरदृष्टीने केली होती. गावाभोवती गायरान राखावे त्याप्रमाणे त्यांनी ४२ जोड्या कोणत्याही देशास न देता ज्याने त्याने खाजगीत वापराव्यात म्हणून मोकळ्या ठेवल्या: 'एए', 'झेडझेड', 'क्यूएम'पासून 'क्यूझेड'पर्यंतच्या आणि 'एक्स'ने सुरू होणाऱ्या सर्व. कोसोव्होसाठी युरोपीय आयोग वापरतो ते 'एक्सके' याच गायरानातले. या पट्ट्याबाहेर घर बांधणाऱ्याची जागा आज रिकामी असली तरी उद्याची शाश्वती नाही. २०११ साली दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि तोवर कोणाचीच नसलेली 'एसएस' ही अक्षरे यादीत आली, तेव्हा त्याच नावाचे घरगुती रीजन बाळगणाऱ्याच्या यंत्रात, त्याने स्वतः एक अक्षरही न बदलता, तंटा उभा राहिला असता.

गंगटोकच्या मोटारींवर 'एसके' ही अक्षरे असतात, आणि तेथील एखाद्या कचेरीने आपल्या पत्त्यांच्या रीजनला हेच नाव दिले तर यंत्रात स्लोव्हाकिया आधीच बसलेला असतो. १९७४ च्या मूळ यादीत 'एसके' सिक्कीमचेच होते. पुढच्याच वर्षी सिक्कीम भारतात विलीन झाले, नाव यादीतून निघाले, आणि अठरा वर्षांनी ते ब्राटिस्लाव्हास गेले.