नौका, विमाने आणि अंदाजपत्रक

विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावर तरंगणारा विमानतळ, अशी तिची सोपी व्याख्या नेहमी केली जाते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. जमिनीवरील विमानतळावर आज एका जातीची विमाने उतरतात, उद्या दुसऱ्या जातीची उतरतील. नौकेचे तसे नसते. तिच्या आखूड डेकवरून उडू शकतील आणि डुलत्या डेकवर पुन्हा उतरू शकतील अशी विमाने जगात मोजकीच असतात. ती नसली की नौकेचे मुख्य शस्त्रच नाहीसे होते. शिवाय नौका तीस-चाळीस वर्षे टिकते आणि विमान त्याआधीच जुने होते. म्हणून जो देश नौका विकत घेतो, तो पुढच्या पिढीच्या विमानांचे ऋणही त्याच दिवशी पत्करतो. अंदाजपत्रक मात्र दरवर्षी नव्याने मांडले जाते. या दोन कालमानांचा मेळ न बसल्यामुळे काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘विक्रांत’चा इतिहास.

१९५७ च्या जानेवारीत भारत सरकारने ब्रिटनकडून ‘हर्क्युलिस’ ही अपुरी राहिलेली नौका विकत घेतली. तिची बांधणी १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत सुरू झाली होती. युद्ध संपल्यावर काम थांबले. बेलफास्टच्या गोदीत ती पुरी झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी ‘सी हॉक’ ही लढाऊ विमाने घेण्यात आली. हे विमान चालवण्यास सुलभ आणि विश्वासू होते. परंतु त्याचा वेग ध्वनीहून कमी होता आणि ब्रिटिश नौदलाने १९६० अखेर ते आपल्या पहिल्या फळीतून काढूनही टाकले होते. म्हणजे ‘विक्रांत’ मुंबईस आली तेव्हाच तिच्या विमानांच्या उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न उभा होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या दाबोळीच्या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने बाँबफेक केली, तीच पुढे नौदलाच्या ताब्यात आली. ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ १९६४ मध्ये कोइमतूरजवळील सुलूरहून दाबोळीस हलला. तेव्हापासून नौदलाच्या लढाऊ विमानांचा इतिहास हा बराचसा दाबोळीचाच इतिहास होय.

१९६२ च्या चिनी आक्रमणाने मात्र सारा हिशेबच बदलला. हिमालयात लढू शकतील अशा पर्वतीय डिव्हिजन उभारणे आणि विमानदलाच्या तुकड्या ४५ पर्यंत नेणे, ही पुढील योजनेची मुख्य उद्दिष्टे ठरली. शत्रू डोंगरावरून आला असता समुद्राकडे कोण पाहणार? नौदलाच्या वाट्यास उरलेसुरले आले. नवी विमाने घेण्याऐवजी पश्चिम जर्मनीच्या नौदलाने काढून टाकलेली ‘सी हॉक’ विमाने घेऊन तुकडी चालू ठेवण्यात आली. गरिबाच्या संसारातील ही काटकसर त्या प्रसंगी शहाणपणाचीच होती.

श्रीमंत देशही या पेचातून सुटले नव्हते. ब्रिटनमध्ये १९६६ च्या फेब्रुवारीत संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी नव्या मोठ्या विमानवाहू नौकेची योजना रद्द केली. समुद्रावरील कामगिरी किनाऱ्यावरील तळांवरून उडणारी दूर पल्ल्याची विमाने पार पाडतील, असा युक्तिवाद होता. निषेधार्थ नौदलमंत्री ख्रिस्तोफर मेह्यू आणि नौदलप्रमुख सर डेव्हिड ल्यूस या दोघांनीही राजीनामे दिले. गंमत अशी, की ज्या अमेरिकन ‘एफ-१११’ विमानांच्या भरवशावर नौकेचा बळी दिला, त्यांची खरेदीही १९६८ च्या जानेवारीत रद्द झाली. मोठ्या नौका गेल्यामुळे पुढे ब्रिटिश नौदलास लहान डेकवरून उडू शकेल आणि सरळ खाली उतरू शकेल असे विमान हवेसे वाटू लागले. भारताच्या ‘सी हॅरिअर’चे मूळ इथे आहे.

१९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ने आपली योग्यता सिद्ध केली. तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला असताना, ४ डिसेंबर रोजी बंगालच्या उपसागरातून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला; नंतर चितगाव बंदरही त्यांच्या माऱ्याखाली आले. या यशानंतर नवी विमाने लवकर मिळतील, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. १९७२ च्या जुलैत ब्रिटिश वैमानिक जॉन फार्ले यांनी ‘हॅरिअर’ विमान ‘विक्रांत’वर उतरवून दाखवले आणि चाचणी यशस्वी झाली.

पण वर्ष होते १९७२! महाराष्ट्रात त्या पावसाळ्याने दगा दिला आणि दुष्काळी कामांवर लाखो हात खडी फोडू लागले. परदेशातून आणलेल्या मिलोवर माणसे दिवस काढत होती. एक कोटीच्या आसपास निर्वासितांना पोसण्याचा भार नुकताच उतरला होता. १९७३ अखेर खनिज तेलाच्या किमती चौपट झाल्या आणि परकीय चलनाची गंगाजळी आटली. अशा वेळी धान्य की विमाने, या प्रश्नास कोणत्याही विचारी अर्थमंत्र्याने धान्य हेच उत्तर दिले असते. त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल.

तथापि अडचण सरल्यावरही निर्णय रेंगाळला. ब्रिटिश नौदलाने आपली ‘सी हॅरिअर’ विमाने १९७५ मध्ये मागवली. भारताची पहिली मागणी १९७९ मध्ये गेली आणि तीही सहा एकासनी व दोन प्रशिक्षण विमानांची. १९७८ नंतर ‘सी हॉक’ नौकेवरून उडेनाशी झाली होती. पहिली तीन ‘सी हॅरिअर’ विमाने १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीस उतरली. यशस्वी चाचणीपासून आगमनापर्यंत अकरा वर्षे लोटली. त्यांतील अखेरची पाचेक वर्षे देशाच्या एकमेव विमानवाहू नौकेवर लढाऊ विमानच नव्हते. सुदैवाने त्या काळात युद्ध झाले नाही. परंतु सुदैव ही काही संरक्षणाची योजना नव्हे.

पुढील काळात चित्र नेमके उलटे झाले. २००४ च्या जानेवारीत रशियाच्या ‘गोर्शकोव्ह’ नौकेच्या कराराबरोबरच १६ ‘मिग-२९ के’ विमाने घेण्याचे ठरले. नौकेच्या दुरुस्तीचा खर्च ९७ कोटी डॉलरांवरून वाढत दोनशे तीस कोटींच्या पुढे गेला आणि ती ‘विक्रमादित्य’ म्हणून नोव्हेंबर २०१३ मध्ये दाखल झाली. विमाने मात्र २००९ च्या अखेरीसच दाबोळीस पोचून नौकेची वाट पाहत होती. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालाने या विमानांची सज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के एवढीच राहिल्याचे नोंदवले. त्याच वर्षी ११ मे रोजी दाबोळीस ‘सी हॅरिअर’ने निरोप घेतला.

२०२२ च्या सप्टेंबरात कोचीन येथे देशात बांधलेली नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. तिच्यासाठी योग्य विमान कोणते, याच्या चाचण्या त्याच वर्षी दाबोळीच्या किनारी तळावर झाल्या होत्या. फ्रेंच ‘राफेल’ आणि अमेरिकन ‘सुपर हॉर्नेट’ दोन्ही तिथे उडाली. २६ ‘राफेल’ विमानांचा सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. म्हणजे नौका आधी आणि तिच्यासाठी निवडलेल्या विमानांचा करार अडीच वर्षांनी, हा क्रम पुन्हा एकदा घडला.

विमानांची किंमत अंदाजपत्रकात छापली जाते. ती डोळ्यांत भरते आणि तिच्यावर लोकसभेत वादही होतो. विलंबाची किंमत मात्र कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते. ती जुन्या यंत्रांची डागडुजी करणारे कारागीर भरतात, आणि रात्रीच्या अंधारात डुलत्या डेकचा दिवा शोधत खाली येणारा तरुण वैमानिक भरतो. पैसा नसेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. नौका हवी की नको, याचाही मोकळेपणाने विचार व्हावा. परंतु एकदा होकार दिला, की तो नौकेइतकाच विमानांनाही दिलेला असतो, हे ‘विक्रांत’च्या साठ वर्षांनी पुरेसे स्पष्ट केले आहे.