साचा गरम कशासाठी?

वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरायचे आणि घट्ट झाले की काढून घ्यायचे. अमेरिकेत जॉन हायट व त्यांचे बंधू आयझाया यांनी १८७२ मध्ये सेल्युलॉइडसाठी अशा यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून मूळ कृती तीच आहे. साच्याचे काम थंड करण्याचे. तो जितका गार, तितक्या तासाभरात वस्तू जास्त. म्हणून साच्यातील वाहिन्यांमधून पाणी खेळवीत.

हा हिशेब चुकवला तो स्फटिकांनी. १९३५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन बनवले. अशा पदार्थांचे लांब रेणू थंड होताना काही ठिकाणी ओळीने रचले जातात. या रचनेला वेळ लागतो. आपल्या ओळखीची साखरच घेऊ. पाकातून सावकाश स्फटिक वाढले की खडीसाखर होते. वितळलेली साखर झटकन थंड केली की चिक्कीतला काचेसारखा भाग.

नायलॉन या कामात चपळ आहे. खरी अडचण पॉलिफेनिलीन सल्फाइडने आणली. फिलिप्स पेट्रोलियम कंपनीतील एडमंड्स व हिल यांना १९६७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. ते सुमारे २८० अंश सेल्सिअसला वितळते. काचतंतू मिसळले की त्यापासून मोटारीच्या इंजिनाजवळचे भाग करता येतात. मात्र साचा ८० अंशांवर असला, तर पृष्ठभागाजवळचे रेणू रचना होण्याआधीच गोठतात. म्हणून साचा साधारण १३५ अंशांच्या वर ठेवावा लागतो. उघडे पाणी १०० अंशांना उकळते. तेव्हा गरम तेल किंवा विजेचे तापक वापरणे आले.

धोका असा की, चूक लगेच दिसत नाही. काचतंतूंमुळे गार साच्यातला भागही ताठ असतो, मापातही बसतो. पुढे इंजिनाजवळ तो तापला की राहून गेलेले स्फटिकीभवन सुरू होते. भाग आक्रसतो, तंतूंच्या दिशेने कमी आणि आडवा जास्त. मग तो वाकतो.

ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९७८ मध्ये बनवलेल्या 'पीक' या प्लॅस्टिकला १७० ते २०० अंशांचा साचा लागतो. तंतू न घातलेल्या पीकचे दोन तुकडे आम्ही शेजारी ठेवले आहेत. नीट स्फटिक झालेला फिकट करडा, अपारदर्शक; घाईने थंड केलेला तपकिरी, कडेला आरपार दिसणारा. पदार्थ एकच, फरक फक्त मिळालेल्या वेळेचा. 'थंड होणे' शिकवताना किती अंशांपर्यंत, एवढेच आपण विचारतो. किती वेगाने, हेही विचारायला हवे.