नंदीदुर्गाची वाट: सरहद्दीपासून सहलीपर्यंत

बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्डहून होसकोटे आणि देवनहळ्ळीमार्गे नंदीदुर्गाला जाणारा सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता आज सुट्टीच्या पहाटे मोटारींनी आणि सायकलस्वारांनी गजबजतो. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांत हा टापू म्हणजे विजापूर, म्हैसूर, मराठे आणि पाळेगार, म्हणजेच गढी राखून आसपासच्या गावांचा वसूल घेणारे स्थानिक नायक, यांच्यातील सरहद्द होती. तिची रेषा कोठेही आखलेली नव्हती, आणि फौज ज्याची जवळ, वसूल त्याचा, असा तिचा व्यवहार होता.

1638 मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी विजापूरसाठी बेंगळुरू जिंकल्यावर होसकोटे, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. येथील मराठी अंमल पेशव्यांच्या स्वाऱ्यांपेक्षा कितीतरी जुना असूनही मराठी वाचकाला तंजावर जितके ठाऊक असते तितके होसकोटे ठाऊक नसते.

वास्तविक पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धातील एक विलक्षण चकमक याच गावी झाली. इंग्रजांच्या बाजूने आलेल्या गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर म्हैसूरच्या हैदरअलीच्या फौजेने 22 ऑगस्ट 1768 च्या रात्री छापा घातला. मार्क विल्क्सच्या इतिहासानुसार, आपल्या माणसांनी घोड्यावर न बसता घोड्यापाशीच उभे राहावे, असा हुकूम मुराररावांनी सोडला, कारण मग अंधारात जो स्वार दिसेल तो शत्रूच ठरणार होता. त्यातच जखमी झालेला त्यांचा हत्ती साखळदंड सोंडेत धरून फिरवीत सुटला, आणि छापा उधळला गेला.

नंदीदुर्गाचे महत्त्व त्याच्या घडणीत होते. समुद्रसपाटीपासून 1,478 मीटर उंचीच्या या डोंगराचे बहुतेक कडे ताठ असल्याने चढाईस एकच बाजू उरे, आणि तेथेच दुहेरी तट होता. ऑक्टोबर 1791 मध्ये, हैदरचा मुलगा टिपू याच्याविरुद्धच्या युद्धात, इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तोफा मोठ्या कष्टाने वर चढवून तट फोडला आणि टिपूचा हा किल्ला घेतला. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या मित्रपक्षात होत्या.

1799 मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर सरहद्द संपली आणि पहाऱ्याच्या जागेला थंड हवेचे मोल आले. म्हैसूरचे कमिशनर मार्क कबन यांच्या काळात येथे बंगले उठले. पुढे 1882 मध्ये चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघटनेला वसाहतीसाठी सुमारे 3,900 एकर जमीन दिली, आणि संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्या नावाने व्हाइटफील्ड वसले. ज्या माळावर शतकापूर्वी फौजा तळ देत, तेथे शेती करून कुटुंबे स्थिरावतील, हा विचारच सरहद्द मिटल्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणावा लागेल.

नंदीच्या माथ्याची निगा अनेक वर्षे फलोद्यान खाते राखत होते, तर आता शेजारच्या स्कंदगिरीवर, म्हणजे जुन्या कळवारदुर्गावर, पडक्या तटांमधून पदभ्रमण करण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते.